रुईचे यजमान

जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमचं गाव, आडनाव, पगार यातलं काहीच विचारलं नाही. मला एवढंच विचारलं, "बाई, गजरा माळता का?"

"नाही," मी म्हटलं. "वेळ कुठाय?"

"मग राहा," म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

निजामी संपायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. आमचे हे सेलूच्या स्टेशनात मालबाबू होते. कापसाच्या गाठी मोजण्यात त्यांचा दिवस जायचा, आणि त्यांच्या कपड्यांना चिकटून घरी आलेला कापूस झाडण्यात माझी संध्याकाळ. मालक मुन्सफ कोर्टात वकील होते. पन्नाशी उलटलेली. दोन बायका वारलेल्या, मूल नाही. कोर्टाचं सगळं काम उर्दूत चालायचं, त्यामुळे घरी मराठी बोलतानाही त्यांच्या तोंडी दरख्वास्त, मुकदमा, शहादत असले शब्द असत. गाव त्यांना वकीलसाहेब म्हणे. आम्ही मालक म्हणायचो.

घर साधंच होतं, पण मागे भलंमोठं परस होतं आणि त्यात वाटेल तशी झाडं. सरळ रांग एकही नव्हती. मालकांनी मात्र प्रत्येकाला हुद्दा देऊन ठेवलेला. बेल मुन्सफ, कडुलिंब हकीम, तगर पेशकार. कुंपणाचा निवडुंग चपराशी, कारण तो कुणालाच आत सोडत नाही. जिनिंगचा हंगाम लागला की सेलूच्या हवेत कापूस उडायचा आणि जास्वंदीवर, कण्हेरीवर जाऊन चिकटायचा. मग मालक कोर्टातून आल्याबरोबर शेरवानी खुंटीला लावून लाकडी फणी घेऊन परसात जात आणि झाडांची पानं विंचरत बसत. ती फणी त्यांच्या दुसऱ्या बायकोची होती, असं मोलकरणीनं मला डोळे पुसत सांगितलं. मला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. फणी चांगली शिसवी होती, वाया गेली नाही.

फुलं मागायला गल्लीतल्या बायका यायच्या. त्यांचं काय व्हायचं ते मी चुलीपाशी बसून ऐकायची.

"वकीलसाहेब, दोन जास्वंदी द्या की."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? विठोबाला."

"विठोबाची तुळस. जास्वंद गणपतीची. एकाची मिळकत दुसऱ्याच्या नावावर कशी चढवू?"

"बरं, मग तुळस द्या."

"आज द्वादशी. द्वादशीला तुळस खुडत नाहीत."

"मग तगर तरी द्या."

"ती कळी आहे. नाबालिग. तिचा व्यवहार होत नाही."

बाई परडी कमरेवर घेऊन बडबडत निघायची. तेव्हा मालक मागून सांगत, "पारिजातक न्या. तेवढाच खाली पडलेला देवाला चालतो." त्यामुळे त्या गल्लीतले सगळे देव वर्षातले चार महिने पारिजातकावर आणि बाकीचे आठ महिने नुसत्या अक्षतांवर काढत.

स्वतः मालक देवाला फूल वाहत नसत. त्यांचे देव पत्र्याच्या ट्रंकेत होते. एकदा मी सरळच विचारलं. ते म्हणाले, "बाई, दोन बायकांच्या दुखण्यात मी ह्यांना समन्स काढलं. दोन्ही वेळेला गैरहजर. गैरहजर पक्षाच्या गळ्यात हार कोण घालतं?" एवढं बोलून पानं विंचरायला लागले.

माझं आणि त्यांचं बरं जमलं, कारण मी कामाच्याच गोष्टी मागत असे. खोकल्याला अडुळसा, तापाला पारिजातकाची पानं, भाजल्यावर कोरफड. औषधाला ते कधी नाही म्हणाले नाहीत. न्हाणीच्या भिंतीला आपोआप उगवलेली रुई होती. तिची पानं तेल लावून गरम करून मी ह्यांच्या दुखऱ्या टाचेला बांधायची. रुईला मालकांनी काही हुद्दा दिलेला नव्हता. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी लोक तिची पानं ओरबाडून नेत, त्यालाही त्यांची हरकत नसे.

भांडण झालं ते एकदाच. मी धुण्याची दोरी शेवग्याला बांधली. मालक लगबगीनं आले. "बाई, शेवगा असा घरालगत चालवून घेतलाय हेच खूप. त्याला आणखी डिवचू नका. शेवग्यानं घरात भांडणं लागतात."

"शेवगा तुमचा, घर तुमचं," मी म्हटलं. "भांडणं तुमच्यात लागतील. माझी धुणी वाळतील."

घरात ते एकटेच होते. त्यांनी दोरीची गाठ ओढून बघितली. म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी माझ्या दारात शेंगांची जुडी होती.

त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणत. त्या जिंतूरच्या. आई लवकर गेल्यावर त्यांनीच धाकट्या भावाला वाढवलेलं. त्यांची बैलगाडी दाराशी थांबली की मालकांच्या तोंडातली सगळी उर्दू आत जायची. कोर्टात मुन्सफाला घाम फोडणारा माणूस आक्का बसेपर्यंत उभा राहायचा, आणि बसल्यावरही.

त्या वर्षी जेठ महिन्यात आक्का आल्या त्या स्थळ घेऊनच. "दोन गेल्या म्हणून काय झालं? घर काय झाडाझुडपांच्या नावानं करायलास का? मी मुलगी बघितलीय. चारठाण्याची. एकादशीच्या आत उरकून टाकू."

"तू म्हणशील तसं, आक्का," मालक म्हणाले. मग म्हणाले, "पण ही तिसरी."

तिसरं लग्न लाभत नाही, असं तेव्हा सगळे मानायचे. नवरा तरी जातो नाहीतर नवरी. त्यावर तोड अशी, की पुरुषाचं तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, विधीपूर्वक, आणि मग ते झाड तोडून टाकायचं. म्हणजे तिसरी बायको गेली. पुढे येणारी मुलगी चौथी धरायची, आणि चौथीला धोका नाही. मालकांनी ही तोड काढली तेव्हा आक्कांना समाधान झालं. देवांना ट्रंकेत घालणाऱ्या भावाला शास्त्राची आठवण झाली, एवढंच त्यांना पुरे होतं.

मुलगी आणि तिचा बाप आधीच येऊन राहिले, मुलीनं घर बघावं म्हणून. मुलगी द्वारकी. पंधरा वर्षांची, हाडापेरानं मजबूत. आई नव्हती, तिच्या पाठीवर तीन बहिणी. इंग्रजी हद्दीत मुलींच्या वयाचा कायदा झाला होता म्हणे. तो आमच्या मोगलाईत पोचलेला नव्हता. आक्का मुक्कामाला होत्या, तरी लग्नाआधी मुलीनं नवऱ्याच्या घरात झोपू नये म्हणून द्वारकी झोपायला-जेवायला माझ्याकडे. बाप पडवीत. तो दिवसातून एकदा तरी मला ऐकवायचा, "वकिलाचं घर हाय, बाई. पोरगी भाकरीला म्हाग न्हाई व्हायची." मी चुलीत काटकी सारायची. तोच मग मान हलवायचा.

द्वारकीनं पहिल्या दिवशी सगळं घर पाहिलं आणि भाकरी थापताना मला म्हणाली, "वैनी, आड घरातच हाय. आमाला नदीला जावं लागतंय."

"म्हणून काय आडाशी लग्न करतेस?"

"मंग कशाशी करतेत?" तिनं विचारलं. थट्टेनं नव्हे, खरंच विचारलं. मी भाकरी उलटली. जरा करपलीच होती.

रुईचं लग्न माझ्या न्हाणीपाशी लागलं. भिंतीवर चुन्याचा हात फिरवला, झुडपाला खण नेसवला, हळद लावली. भटजी म्हणाले, नवरीला बाप पाहिजे. मालकांच्या ओळखीचे बाकीचे सगळे कोर्टात गेलेले, म्हणून आमचे हे बाप झाले. ड्युटीवर निघालेले तसेच रेल्वेची टोपी घालून उभे राहिले आणि मुलगी देऊन मालगाडीला गेले. ह्यांचं वय तेव्हा तीस पण नव्हतं. त्या दिवसापासून मालक त्यांना सासरेबुवा म्हणत, आणि येता-जाता वाकून नमस्कार करत. ह्यांना ते फार अवघड व्हायचं.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, मालकांनी रुईच्या फांदीला काळी पोत बांधली. द्वारकी माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. हळूच म्हणाली, "मपली सवत लई ठेंगणी हाय, वैनी."

मंत्र संपल्यावर भटजी पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "झालं. आता हिला काढून टाका."

"काढून टाका म्हणजे?"

"तोडायची, वकीलसाहेब. माहीत आहे की तुम्हाला."

"आत्ता अग्नीसमोर हात धरला," मालक म्हणाले. "तिचा गुन्हा काय?"

भटजी हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी आतून खुर्ची आणली आणि रुईशेजारी बसले.

नंतरच्या दिवसांत परसाचा कारभारच बदलला. पाहुणा आला की मालक त्याला आधी न्हाणीपाशी नेऊन ओळख करून देत, "आमची मंडळी." मी टाचेसाठी पानं खुडायला गेले तर म्हणाले, "बाई, दुसऱ्या कुठल्या रुईची न्या. ही आता सुवासिनी आहे." शनिवारी माळेसाठी पानं मागायला माणूस आला. त्याला त्यांनी शांतपणे विचारलं, "मारुतीराय ब्रह्मचारी. त्यांच्या गळ्यात माझी बायको घालू?" तो माणूस रिकाम्या हातानं देवळात गेला आणि तिथून ही गोष्ट सेलूभर झाली.

आक्कांनी बरेच दिवस दम धरला. एकादशी जवळ यायला लागली. त्या दिवसापासून चार महिने लग्नं बंद, हे सगळ्यांनाच माहीत. मग एका दुपारी मालक कोर्टात गेले असताना आक्का कोयता घेऊन परसात आल्या. पदर खोचला, रुईला जमिनीपासून कापली, खणासकट उकिरड्यावर टाकली, स्वतः अंघोळ केली आणि भावासाठी बंबात पाणी तापत ठेवलं. मी धुणी वाळत घालत होते. रुई कोयत्यानं मरत नाही, हे शेताच्या बांधाला राहिलेल्या कुणालाही माहीत असतं. खालचं मूळ राहिलं की ती पुन्हा येते. आक्का जन्मभर माडीवर राहिलेल्या. मला त्यांनी काही विचारलं नाही, आणि मी आपण होऊन काही सांगितलं नाही. मी काय केलं, तर त्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं पाणी दुसरीकडे न टाकता त्या बुंध्याशी टाकायला लागले.

मालक आले. बुंधा बघितला. अंघोळ केली आणि ओल्या पंच्यानं बाहेर येऊन म्हणाले, "दहा दिवस सुतक."

"झुडपाचं?" आक्का ओरडल्या.

"बायकोचं. लग्न खरं होतं ना? मग सुतकही खरं. लग्न खोटं असेल तर ही मुलगी तिसरीच राहिली, आणि मी तिला मरायला आणायचं का?"

आक्कांनी भटजींकडे बघितलं. भटजींनी जमिनीकडे. सुतकात लग्न बोलता येत नाही. मालक दहा दिवस कोर्टात गेले नाहीत, गादीवर झोपले नाहीत, गोड खाल्लं नाही. पाऊस झाला होता, परसात चिखल होता. ते पडवीत घोंगडीवर बसून असत, आणि द्वारकीचा बाप त्यांच्यासमोर. बापाला बोलायला काही नव्हतं आणि मालकांना बोलायचं नव्हतं.

सुतक फिटायच्या दिवशी सकाळी द्वारकी न्हाणीकडून पळत आली. "वैनी, सवत उठली."

मी जाऊन बघितलं. बुंध्यातून दोन पानं वर आली होती, सशाच्या कानासारखी, पांढुरकी.

पाहता पाहता सगळे जमले. मालक भटजींना म्हणाले, "जिवंत बायकोचं सुतक पाळलं. याला प्रायश्चित्त काय?" त्यांचा चेहरा कोर्टातला होता, पण आवाज नव्हता. भटजी म्हणाले की असा प्रसंग आपल्या पाहण्यात नाही, पैठणला कुणालातरी विचारावं लागेल. आक्का म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? कुदळ आणा. मुळासकट काढू."

तेव्हा द्वारकीचा बाप उठला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज पडवीबाहेर गेला नव्हता. "आक्कासाहेब," तो म्हणाला, "ज्या घरात बायकू येकदा मारून भागंना, दुबार माराया निघालेत, तितं म्या पोरगी न्हाई द्यायाचा."

"अरे, ते झाड आहे."

"तुमीच म्हनला बायकू हाय म्हून."

ज्या शास्त्रानं त्या इथवर आल्या होत्या त्यानंच त्यांची वाट अडवली. संध्याकाळी त्यांची गाडी जुंपली. मालक निरोपाला उभे होते. गाडी वळेपर्यंत आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि मालकांनी हात जोडलेले सोडले नाहीत. एकादशी झाली. प्रश्न मिटला.

द्वारकीचा प्रश्न मात्र तसाच होता. परत चारठाण्याला गेली तर बाप दुसरा कुणी बिजवर गाठणार, हे दिसतच होतं. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही मुलीचे बाप होऊन बघितलंय, आता कामाला लागा." ह्यांनी जिनिंगमध्ये काट्यावर असलेला एक मुलगा शोधला. बावीस वर्षांचा, बोलायला जरा अडखळायचा, पण वजनात कधी लबाडी नाही. तोवर द्वारकी माझ्याकडेच राहिली. तुळशीचं लग्न झाल्यावर त्या दोघांचं लागलं, मालकांच्याच परसात. आणि ऐन वेळी भटजींनी विचारलं, कन्यादानाला जोडपं कुठाय? बाप विधुर. आम्ही बसलो असतो, पण मला तेव्हा दिवस गेले होते, आणि भटजींना त्याचीही काही शंका निघाली.

"आम्ही आहोत की," मालक म्हणाले. त्यांनी उपरण्याचं एक टोक रुईला बांधलं, दुसरं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि पाटावर बसले. तोवर झाड कमरेइतकं आलं होतं. भटजींनी वाद घातला नाही. त्यांना आता पैठणला काही विचारायचं नव्हतं. द्वारकीच्या सासरी आड नव्हता, ती रोज आमच्याच आडावर पाण्याला यायची आणि जाताना रुईला म्हणायची, "येते गं सवते."

ह्या सगळ्यातून गावात मालकांचं नाव झालं. वकिलानं काय डाव टाकला, लोक म्हणायचे. कायद्यानं जे जमलं नसतं ते झाडानं करून दाखवलं. पोरीचा जन्म वाचवला. मीही कौतुकानं हे पुष्कळ जणांना सांगितलं. फुलं नाकारणारा हा माणूस आतून किती पोचलेला आहे, असं मला वाटायचं, आणि मला माणसांबद्दल असं सहसा वाटत नाही.

आमची बदली झाली तेव्हा सामान बांधून दारात ठेवलं होतं. मालक निरोप द्यायला आले. मी म्हटलं, "काही म्हणा, मालक, द्वारकीला तुम्ही वाचवलंत. सुतकाची युक्ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती."

"कसली युक्ती?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं विनय आहे. पण ते खरोखरच गोंधळलेले दिसले.

"बायको गेली की सुतक पाळायचं असतं," ते म्हणाले. "दोनदा पाळलंय मी. आणि माझ्या परसातलं झाड मला न विचारता कुणी तोडलेलं मला चालत नाही. ती मुलगी मध्ये कुठे आली?"

"तुम्हाला तिच्याशी लग्न करायचं नव्हतं ना?"

"करायचं की नव्हतं, हे मला कुणी विचारलं? तिच्याकडे मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं, बाई."

"आणि रुई फुटली नसती तर?"

"तर लग्न झालं असतं," ते म्हणाले. "आक्कानं ठरवलं होतं."

टांगेवाला ट्रंक उचलायला आला. मालकांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला, आणि ह्यांना म्हणाले, "सावकाश, सासरेबुवा. कडी जरा सैल आहे."